मागे घेतलेली शपथ

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी शाळेतली नोकरी सोडून शिरूरच्या कोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा सासरच्यांनी मला वेड्यात काढलं आणि माहेरच्यांनी विषयच टाळला. नव्वदचं दशक निम्मं सरलेलं होतं. तळेगाव ढमढेऱ्याहून रोज सकाळी भरगच्च जीपमध्ये स्वतःला कोंबून मी शिरूर गाठायचे. काळा कोट अंगावर चढला तरी तालुक्यासाठी मी 'बाई'च राहिले, कारण निम्म्या पक्षकारांच्या पोरांना मी कधी ना कधी छडी दिलेली होती. माझा स्वभाव तापट. समोरचा माणूस सावकाश बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच ओढून पूर्ण करावं असं मला वाटतं. आजही वाटतं.

आणि सीनियर मिळाले ते नेमके तालुक्यातले सर्वांत सावकाश बोलणारे वकील. साधी नोटीस लिहायची तरी ते आधी खिडकीतून बाहेर बघायचे, मग चष्मा पुसायचे, मग चहा सांगायचे. त्यांचं मुसलमान घराणं शिरूरमध्ये इतक्या पिढ्या नांदत होतं की "साहेब, तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं तर ते टेबलाखालची फरशी दाखवायचे. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे, दिवाळीत अर्ध्या बाजारपेठेचा फराळ संपवायचे, आणि कुणावर आवाज चढवल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना सोडून जावंसंही वाटायचं नाही.

त्यांच्या ऑफिसात दोन कपाटं होती. एकात आपले कायदे, म्हणजे पोटापाण्याचं सामान. दुसऱ्यात अमेरिकेच्या जुन्या कायद्यांवरची पुस्तकं, पुण्याच्या फुटपाथवरून एकेक करून आणलेली, वाळवीनं कडा कुरतडलेली. आमच्याकडे दावे चालायचे ते बांध कोरल्याचे, विहिरीच्या पाळीचे आणि भावकीतल्या मारामारीचे. इथं या पुस्तकांचा उपयोग काय, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं. "उपयोग काहीच नाही," ते म्हणाले, "आवड आहे."

दुपारी पक्षकार नसले की आवड सुरू व्हायची. मी दाव्याचे कागद लावत असायचे आणि ते सांगत असायचे. त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट शपथेची होती. इंग्लंडात एका साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची माणसं शपथ घ्यायला नकार द्यायची. त्यांचं म्हणणं, आमचं 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही. देवाची शपथ घेऊन आत्ता खरं बोलतो म्हणायचं, म्हणजे एरवी खोटं बोलतो असं कबूल करायचं. एवढ्यासाठी ती माणसं तुरुंगात गेली, त्यांची साक्ष कोर्टात चालेना, स्वतःची चोरी झाली तरी सांगता येईना. त्यातले पुष्कळ समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. पुढं त्या देशानं आपली घटना लिहिली, तेव्हा जिथं जिथं 'शपथ' हा शब्द आला तिथं तिथं लिहिणाऱ्यांनी पुढं 'किंवा प्रतिज्ञा' असं जोडलं. अगदी राष्ट्राध्यक्षाच्या शपथेतसुद्धा.

"बाई," साहेब म्हणायचे, "लिहिणारे बहुतेक सगळे शपथ घेणारेच होते. त्यांचं काहीच अडलं नव्हतं. अडत होतं ते मूठभर लोकांचं. त्या मूठभरांसाठी दर वेळी दोन शब्द जास्तीचे लिहिले."

मग गाडी पुढं जायची. सरकारी पदासाठी कुणाचा धर्म तपासायचा नाही, असं त्याच घटनेत कसं लिहिलं. त्याआधी तिथल्या एका राज्यानं कायदा करून कसं ठरवलं की कुणाला जबरदस्तीनं देवळात पाठवायचं नाही, आणि कुणाच्या श्रद्धेवरून त्याचे नागरिक म्हणून असलेले हक्क कमी-जास्त करायचे नाहीत. मग त्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत, सरकारनं धर्म स्थापायचा नाही आणि कुणाचा रोखायचाही नाही. 'देऊळ' हा शब्द ते चर्चसाठीच वापरायचे, म्हणायचे की शिरूरमध्ये बसून सांगतोय तर शिरूरचा शब्द घ्यावा.

मी एकदा फटकन म्हणाले, "आणि तीच माणसं गुलाम विकत घेत होती ना?" मला वाटलं, आता निरुत्तर होतील. ते म्हणाले, होय, घेत होती. आणि एवढं लिहूनही तिथली कितीतरी कोर्टं पुढं अनेक वर्षं देव न मानणाऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यातून परत पाठवत होती. कागद पुढं गेला होता आणि माणसं मागं होती. पण कागद पुढं गेलेला असला की मागच्याला निदान कुठं पोचायचं ते कळतं, असं ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

शहरांतल्या दंगलींना तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शिरूरला काही झालं नाही. तरी एक जुना पक्षकार, ज्याच्या बापाचेही दावे साहेबांच्या वडिलांनी चालवले होते, एक दिवस आला आणि "पोरं ऐकत न्हाईत" एवढंच म्हणून फाइल घेऊन गेला. साहेबांनी त्याला दारापर्यंत सोडलं, चपला नीट ठेवून दिल्या. आणि परत येऊन मला पुन्हा त्या 'किंवा प्रतिज्ञा'ची गोष्ट सांगितली, जणू पहिल्यांदाच सांगतायत. त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मनात तेव्हाही हेच होतं की शपथ काय आणि प्रतिज्ञा काय, कोर्टात ती शिपायाची रोजची पोपटपंची. कोण ऐकतं?

त्याच वर्षी एक मुलगी आमच्याकडे आली. बाविशीची, कवठे येमाईत मामाकडे वाढलेली, शिवणकाम करणारी. तिचे वडील दौंड तालुक्यातल्या वरवंडचे. ती आठ महिन्यांची असताना ते वारले आणि आई तिला घेऊन माहेरी कवठ्याला आली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, तेव्हा मामानं सोयीचं म्हणून स्वतःचंच नाव सांगून टाकलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आपल्याकडे असं पुष्कळदा होतं. पुढं आईही गेली, आणि मुलीनं वडिलांच्या वाट्याची जमीन मागितली तेव्हा वरवंडच्या दोन्ही चुलत्यांनी सरळ लेखी दिलं की आमच्या भावाला मूलबाळ नव्हतं, ही मुलगी त्याची नाहीच.

जमीन फार नव्हती. मी तिला तसं म्हणालेही, की एवढ्यासाठी किती वर्षं दौंडच्या कोर्टाच्या चकरा मारणार? त्यावर ती म्हणाली, "बाई, जमीन राहू द्या त्यांना. पण मी माझ्या बापाची न्हाई असं कागदावर लिहून दिलंय. माझ्या आईवर लिहून दिलंय ते." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नाव नाही. शाळेचा दाखला आमच्याच विरुद्ध. शेजारपाजारचं कुणी चुलत्यांच्या विरुद्ध बोलायला तयार नाही. राहिली एकच जिवंत साक्षीदार, ते बाळंतपण करणारी सुईण.

वरवंडच्या बौद्ध वस्तीत राहायच्या त्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, कानानं थोड्या कमी, पाठ ताठ. तरुणपणी नवऱ्याबरोबर दीक्षा घेतलेली. दीक्षेनंतर वस्तीनं गावकीची कामं टाकली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, पण यांनी बाळंतपणं सोडली नाहीत. पुढं सरकारी दाईचं ट्रेनिंगही घेतलं. तुम्ही तेवढंच का ठेवलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मेल्या ढोराला घाई नसती बाई. बाळाला असती."

साक्षीच्या आदल्या दुपारी मी न्हावरा-चौफुल्यावरून वरवंडला गेले. साहेबांनी मला एवढंच काम सांगितलं होतं, की आजींना कोर्टात काय काय होतं ते समजावा, म्हणजे घाबरणार नाहीत. उत्तरं पढवू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी उत्तरं पढवली नाहीत. पिंजरा कुठं असतो, जज कुठं बसतात, टाइप करणारा कसा मध्येच थांबवतो, सगळं सांगितलं. मग शपथेपाशी आले. शिपाई म्हणेल तसं मागोमाग म्हणायचं, की ईश्वराला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.

आजींच्या मागच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याखाली दोन वह्या आणि औषधाच्या गोळ्या. मग त्या म्हणाल्या की देवाचं आपल्याला म्हणता येणार नाही, आपण देव मानत नाही. दीक्षेच्या दिवशी तसं बोललोय आणि त्यानंतर कधी मोडलेलं नाही.

इथं मी थांबायला हवं होतं. निदान शिरूरला फोन करून साहेबांना सांगायला हवं होतं. ज्या माणसानं वर्षभर माझ्या कानीकपाळी हीच गोष्ट ओरडून... ओरडून नव्हे, कुजबुजून सांगितली, त्याच्या ऑफिसातून मी आले होते. पण चौफुल्याची शेवटची जीप डोळ्यांपुढं होती, आणि पायाला मुंग्या आलेल्या. मी म्हणाले, "आजी, ते नुसतं म्हणायचं असतं. त्याला काही अर्थ नसतो. पोरीसाठी म्हणून टाका."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पोरीसाठी म्हणते म्हणाल्या. मी जीप पकडली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या कोर्टात गर्दी होती. चुलते दोघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या बाकावर. मुलगी माझ्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आजींचं नाव पुकारलं. शिपायानं एका दमात शपथ म्हटली, आजींनी तुकड्यातुकड्यानं त्याच्या मागं म्हटली. आवाज खाली गेला होता, पण म्हटली. नाव, वय, गाव झालं. टाइपरायटरचा खडखडाट थांबला. साहेब उठले आणि त्यांनी मुलीकडे हात करून विचारलं, या मुलीला ओळखता का?

आजींनी मुलीकडे बघितलं. मग जजसाहेबांकडे वळल्या.

"साहेब, त्याच्या आधी एक सांगायचं हाय. आत्ता मी देवाला स्मरून म्हणलं, ते खोटं हाय. मी देव मानत न्हाई. ते आधी खोडा, मग पोरीचं इचारा."

जजसाहेब तरुण होते, बदलून नुकतेच आलेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मानत नाही तर मग म्हटलंत कशाला, असं विचारलं.

"ह्या बाईंनी सांगितलं. म्हणल्या, नुसतं म्हणायचं असतं, त्याला काय अर्थ नसतो."

कोर्टातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. आयुष्यात मी पुष्कळ पोरांना वर्गासमोर उभं केलं होतं, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. पण त्याहून वाईट म्हणजे शेजारी बसलेल्या मुलीचा हात. तो माझ्या हातात होता आणि तिनं तो हळूच काढून घेतला.

चुलत्यांचे वकील तर आनंदानं उठलेच. साक्षीदार स्वतः कबूल करतेय की तिनं पिंजऱ्यात उभं राहून खोटं सांगितलं. साक्षीदार स्वतः कबूल करतेय की वकिलांनी तिला शिकवलं. आणि जिला देवाचं भय नाही तिच्या शब्दाला धरबंध काय? ही साक्ष घेऊच नये. ते पाच मिनिटं बोलले आणि प्रत्येक मिनिटाला ती मुलगी आपल्या बापापासून थोडी थोडी लांब जात होती. एकच साक्षीदार होती आमच्याकडे, आणि तिला मी बुडवली होती.

साहेब माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, असं म्हणाला होतात? मी मान हलवली. ते पुढं झाले आणि जजसाहेबांना म्हणाले की माझ्या सहकारी वकिलांनी चूक केली आहे, माझ्या ऑफिसातून झालेली चूक ती माझी चूक, तिचा दोष साक्षीदाराला देऊ नये. मग त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता अर्धा तास. पण त्या दिवशी ते थोडक्यात बोलले.

आपल्या कायद्यात प्रतिज्ञेची सोय आहे, ज्याला देवाची शपथ नको त्यानं प्रतिज्ञा करावी, आणि शपथ देताना काही चुकलं तरी तेवढ्यानं साक्ष बाद होत नाही. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले की देवाचं भय नसलेल्याची साक्ष घेऊ नये हे म्हणणं नवीन नाही. अमेरिकेतली पुष्कळ कोर्टं हेच म्हणायची, त्यांच्या घटनेनं दार उघडून ठेवलेलं असूनही. साक्षीदाराला आधी विचारायचे, देव मानतोस का?

"आता विचार करा साहेब. खोटं बोलायला आलेला माणूस 'मानतो' म्हणायचा आणि आत जायचा. 'मानत नाही' असं खरं सांगणारा बाहेर जायचा. त्या नियमानं कोर्टं खोटारडे निवडून घेत होती. आज याच कोर्टात एक बाई चुकून आत आली होती, तिचं कुणालाही कळलं नसतं, आणि ती आपणहून बाहेर जाऊन नीट दारानं येऊ बघतेय. तिला येऊ द्या."

ते खाली बसले. बाहेर जंक्शनवर गाडीची शिट्टी झाली.

जजसाहेब म्हणाले की लिहिलेलं खोडता येत नाही, पण खाली नवीन लिहिता येतं. त्यांनी टाइपिस्टला सांगून लिहून घेतलं, की साक्षीदारानं ईश्वराच्या शपथेस हरकत घेतल्यावरून तिला प्रतिज्ञा देण्यात येत आहे. आता गंमत अशी की शिपायाला प्रतिज्ञा येईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी मागितलीच नव्हती. तो 'ईश्वरा...' म्हणून दोनदा अडखळला. शेवटी जजसाहेबांनी स्वतः पुस्तक उघडलं आणि एकेक शब्द सावकाश वाचला. मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की खरं सांगेन. आजींनी 'गांभीर्यपूर्वक' म्हणजे काय ते विचारलं. मनापासून, मस्करी न करता, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजी ह्याच्यात माझाच शबूद हाय, दुसऱ्या कुणाचा न्हाई," आजी म्हणाल्या. "ह्ये म्हणते." आणि त्या म्हणाल्या, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्या आवाजात.

ती साक्ष मी पुढं इतक्या वेळा वाचली की अजून पाठ आहे. ज्वारीची काढणी चालू होती. मुलीचा बाप शेतातून पळत आला, अंगाला कडब्याचं कूस चिकटलेलं. मुलगी झाल्याचं आजींनी दारात येऊन सांगितलं. तेव्हाची रीत अशी, की आजींनी नाळ कापावी, बाळ धुवावं, आणि काम झालं की मागच्या दारानं अंगणात जाऊन बसावं. नाळ कापलेले हात त्या घराला चालत, ते हात घेऊन ओसरीवर बसलेलं चालत नसे. पण त्या दिवशी बापानं स्वतः ओसरीवर पाट मांडला आणि आजींना बसवलं. त्यावरून त्याचा थोरला भाऊ त्याच्याशी भांडला.

साहेबांनी विचारलं, थोरला भाऊ म्हणजे कोण?

आजींनी पहिल्या बाकाकडे बोट केलं. "ह्ये. मला ओसरीवर का बसीवली म्हणून भांडले. तवा पोरीचा बाप म्हणला, माझी पोरगी आधी हिच्या हातात आली, मग माझ्या. ती हितंच बसंल."

थोरले चुलते खाली बघायला लागले. त्यांनी डोकं हलवून नाहीसुद्धा म्हटलं नाही. माझ्या शेजारची मुलगी रडत होती, पण आवाज न करता. तिच्या बापाच्या तोंडचं एकही वाक्य तिला तोवर माहीत नव्हतं. हे पहिलं होतं, आणि ते तिच्याविषयी होतं.

उलटतपासणी फार चालली नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी तारीख विचारली, ती आजींना आली नाही. ओसरीची दिशा विचारली, ती आली. शेवटी ते चिडून म्हणाले, "देवाला भीत नाहीस, मग खरं बोलायला कुणाला भितेस?" जजसाहेबांनी त्यांना 'तुम्ही' म्हणायला लावलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"भिऊन बोलायचं असतं तर खोटंच बोलले असते," आजी म्हणाल्या. "ह्यांच्याच शेताला लागून माझं घर हाय."

बाहेर आल्यावर मी आजींची माफी मागितली. त्यांना माझा राग आलेला नव्हता. सगळीच माणसं म्हणतात, तुम्ही तरी काय वेगळं सांगणार होता, असं त्या म्हणाल्या आणि चहा घेऊ म्हणाल्या. बशीत ओतून त्या चहा पीत होत्या आणि मी बघत होते. शाळेत मी दरवर्षी नागरिकशास्त्र शिकवलं होतं. धर्मस्वातंत्र्याचं कलम फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलं होतं, न येणाऱ्याला छडीही दिली होती. आणि ते कलम माझ्यासमोर चुलीपाशी येऊन बसलं तेव्हा मी जीपचं वेळापत्रक बघत होते. मला ते कलम येत नव्हतं, आणि या बाईला, जी सही अंगठ्यानं करते, तिला ते येत होतं.

साहेब मला दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच दुसऱ्या कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी विचारलं, "उपयोग काय बाई?" मी हात पुढंच धरला. त्यांनी किल्ली दिली. त्या उन्हाळ्यात मी अडखळत, डिक्शनरी घेऊन ती पुस्तकं वाचली. कितीतरी समजलं नाही. पण ते दोन जास्तीचे शब्द छापील पानावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी दालनात बसलेल्या त्या विगवाल्या माणसांना वरवंड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. गुलाम राखणारी, आपापल्या खोडींनी भरलेली माणसं. तरी लिहिताना त्यांना वाटलं असणार, की कुणीतरी एक असेल ज्याला हे म्हणता येणार नाही, त्याच्यासाठी जागा ठेवू. आपल्याकडे घटना लिहिणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार. त्या सगळ्यांबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो कमी झालेला नाही. साहेबांबद्दलही नाही, ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर माझ्या प्रत्येक साक्षीदाराला मी आधी विचारते, शपथ कशी घेणार? बहुतेक जण गोंधळून बघतात आणि देवाचीच घेतात. पण विचारते.

दाव्याचा निकाल दीड वर्षानं लागला. मुलगी आली, मामा आले, चुलतेही येऊन पुन्हा पहिल्याच बाकावर बसले. आजींना मी जीप करून आणलं होतं. तोवर त्यांना अगदीच कमी ऐकू येऊ लागलं होतं, म्हणून त्या मुलीच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. जजसाहेबांनी शेवटचा भाग वाचून दाखवला. मुलीचं नाव, पुढं तिच्या वडिलांचं नाव, आणि ही त्यांची औरस कन्या आहे असं ठरवण्यात येत आहे. जमिनीचं त्याच्या नंतर आलं, ते कुणी ऐकलं की नाही कोण जाणे.

आजी "काय म्हणाले, काय म्हणाले?" असं विचारत होत्या. मुलगी त्यांच्या कानाशी वाकली. हळू सांगायला गेली, त्यांना ऐकू गेलं नाही. मग तिनं श्वास घेतला आणि भरल्या कोर्टात मोठ्यानं सांगितलं, "आजी, मी त्यांचीच हाय."

"मला कशाला सांगतीस," आजी म्हणाल्या, "मी तिथं हुते." आणि त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला पहिल्या बाकाकडे वळवलं. "त्यांना सांग."